एकोणसाठ मीटर

काकांचा मला वैताग यायचा, हे आधीच सांगून टाकतो. पुढचं वाचून कुणाला वाटेल की माझा त्यांच्यावर फार जीव होता आणि म्हणून मी हे लिहायला बसलोय. तसं नाही. सलग तीन उन्हाळे मी त्यांच्याबरोबर एका छोट्या बोटीत काढले आणि त्यातला निम्मा वेळ मी दात आवळून बसलेला असायचो.

तळं उत्तर कॅलिफोर्नियात, डोंगरात उंचावर, एका विझलेल्या ज्वालामुखीच्या तोंडात साचलेलं. ‘विझलेला’ म्हटलं की काका चिडायचे. म्हणायचे, झोपलेला म्हण, विझलेला असता तर आपल्याला इथं काय काम होतं? मी पुण्याहून पीएच.डी.साठी आलेलो, पंचविशीतला. ते आमच्या लॅबमधले फील्ड टेक्निशियन, साठीला आलेले, अमरावतीकडचे. तिकडे पंचवीस वर्षं ते विहिरींची पातळी मोजत गावोगाव हिंडले होते. आमच्या प्रोफेसर बाई कधीकाळी त्या भागात कामासाठी गेल्या होत्या. तिथे त्यांनी या माणसाला विहिरीत खडा टाकून, नुसत्या आवाजावरून पाणी किती हात खाली आहे ते सांगताना पाहिलं. मग दोरी सोडून खात्री केली, आणि दोन वर्षांनी त्याला इकडे बोलावून घेतलं. लॅबमधलं कुणी नवखं त्यांना चुकून डॉक्टर म्हणालं की ते हात वर करून सांगायचे, “नो डॉक्टर. ओन्ली वॉटर.”

काम सांगायला सोपं होतं. त्या तळ्यात पाण्याचे दोन थर होते. वरचा थर वाऱ्याने, उन्हाने, थंडीने ढवळला जायचा. खालचा क्षारांनी आणि कार्बन डायऑक्साइडने जड झालेला, वर्षानुवर्षं तसाच पडून. जमिनीखालून कुठूनतरी वायू घेऊन पाणी त्या खालच्या थरात शिरत होतं. किती शिरतं आणि किती खोलीवर शिरतं, ते आम्हाला शोधायचं होतं. काठावर लोक उन्हाळ्यात तंबू ठोकून राहायचे, आणि साचलेला वायू कधी एकदम वर उसळला तर माणसं गुदमरू शकतात, त्यामुळे खाली वायू वाढतोय की नाही हे कळणं गरजेचं होतं.

पहिल्याच दिवशी काकांनी माझी परीक्षा घेतली.

“ताक ठेवून दिलं की वर काय येते?”

“पाणी.”

“निवळ म्हण बाप्पा. तुला आईनं ताक पाजलं नाही काय?”

वरच्या थराला ते निवळ म्हणायचे आणि खालच्याला साका. तेही एक वेळ चाललं असतं, पण ते हेच शब्द इंग्रजी रिपोर्टात लिहायचे. मी खोडून ‘वरचा थर’ असं इंग्रजीत लिहायचो, ते पुन्हा ‘निवळ’ लिहायचे. शेवटी बाईंनीच हात टेकले. सकाळी लॅबमध्ये आल्या की विचारायच्या, “हाउ इज द निवळ टुडे?” काका गंभीरपणे उत्तर द्यायचे. मी खाली मान घालून बसायचो.

खोलवरचं पाणी बाटलीतून वर आणून झाकण उघडलं की गोटी सोड्यासारखं फसफसायचं. काका त्यातला एक थेंब बोटावर घेऊन जिभेला लावायचे, थुंकायचे, आणि “आंबट” किंवा “कमी आंबट” असं जाहीर करायचे. बाईंनी याला तीनदा लेखी बंदी केली होती. दुपारच्या जेवणाला त्यांच्या डब्यात फोडणीची पोळी आणि लसणाची चटणी असायची. त्या वर्षीचे सगळे नमुने लसणाच्या वासाच्या बोटांनी भरले गेले, हे माझ्या प्रबंधात कुठेही लिहिलेलं नाही.

लॅबपासून तळ्यापर्यंत चार तासांचा रस्ता. काकांना सहा लागायचे. पिकअप ट्रक तेच चालवायचे, किल्ली दुसऱ्या कुणाला द्यायचे नाहीत, आणि चालवताना समोरच्या प्रत्येक गाडीची नंबरप्लेट मोठ्याने मराठीत वाचायचे. दोनशे त्र्याऐंशी. सहाशे सत्तेचाळीस. मागून ट्रकवाले हॉर्न मारत असायचे आणि हे आपले “नऊशे बावीस” म्हणत निवांत. मी एकदा विचारलं की काका, हे कशासाठी? म्हणाले, “नजर तयार राहते. आकडा वाचणाऱ्याची नजर गेली म्हणजे माणूस गेला.” माझी पोटतिडकीची विनंती होती की निदान अर्धा तास तरी नजर अतयार राहू दे. त्यांनी ती ऐकली नाही.

खरा छळ बोटीत सुरू व्हायचा. बोटीच्या मागच्या टोकाला दोरी सोडायचं हातरहाटासारखं यंत्र होतं, त्याला ते रहाटच म्हणायचे. दोरी किती मीटर खाली गेली ते त्याच्यावरच्या छोट्या काउंटरवर दिसायचं. तो आकडा काका वाचणार आणि ओरडून सांगणार, मी पुढच्या टोकाला बसून वहीत लिहिणार. तापमान आणि क्षार दाखवणारा डबा माझ्यासमोर असायचा, ते आकडे मी स्वतः टिपायचो. बोटीच्या मोटरचा आवाज, वारा, आणि मधे सामानाचा ढीग. काका खोली इंग्रजीत सांगायचे नाहीत. त्यांचं म्हणणं, वाऱ्यात फिफ्टीन आणि फिफ्टी एकच ऐकू येतं, थर्टीन आणि थर्टी एकच ऐकू येतं. मराठीत प्रत्येक आकड्याला आपापला चेहरा आहे. पंधरा आणि पन्नास यांची गफलत बहिरासुद्धा करणार नाही.

मी इंग्रजी माध्यमात शिकलो. घरी मराठी बोलायचो, पण आकडे कायम इंग्रजीत. आमच्या पिढीत पुण्यात असे ढीगभर लोक आहेत आणि त्यांना त्याचं काही वाटत नाही. मला मात्र काकांसमोर वाटलं. ताकावरून एकदा अब्रू गेलीच होती. म्हणून मी गुपचूप आईला फोन करून आकडे विचारले, एका कार्डावर लिहिले आणि रेनकोटाच्या आतल्या खिशात ठेवले. त्रेपन्न, छप्पन्न, सदुसष्ट, अठ्ठ्याहत्तर, सगळे अवघड आकडे त्यात होते. नऊचे लिहिले नाहीत. मला वाटलं, ते सोपे आहेत. एकोण म्हणजे नऊ आणि पुढे दहाचा आकडा आपला उघड ऐकू येतोच.

बोटीतली आणखी एक गोष्ट. बाईंची पद्धत अशी की दर पाच मीटरला थांबायचं, पाच, दहा, पंधरा, असं शिस्तीत तळापर्यंत. काकांना ती मान्य नव्हती. “तळं काय फूटपट्टी आहे?” ते दोरी हातात धरून सोडायचे आणि जिथे हाताला वेगळं लागेल तिथे थांबायचे. दिवसभरात चार-पाच ठिकाणी, कुठेही. त्यांचं म्हणणं होतं की जमिनीतून येणारं पाणी एका पातळ पट्ट्यात शिरतंय, माणसाच्या उंचीएवढासुद्धा तो पट्टा जाड नाही, आणि पाच-पाच मीटरच्या ढांगा टाकत गेलं तर तो दोन ढांगांच्या मधे कायम निसटणार. बाई म्हणायच्या, असेलही, पण हाताला लागलं हा पुरावा होत नाही. दोन वर्षं हा वाद चालला होता. त्यात मी मनातल्या मनात बाईंच्या बाजूने होतो.

काकांना स्वतःचे आकडे लक्षात न ठेवायची मात्र शपथ होती. संध्याकाळी मी विचारलं की दुपारी तिसऱ्यांदा कुठे थांबलो होतो, तर म्हणायचे, वहीत बघ. “डोक्यात ठेवलेला आकडा नासते. वहीतला टिकते.” वहीवर त्यांचा असा विश्वास होता, आणि वही मी लिहीत होतो.

दुसऱ्या उन्हाळ्यातली एक दुपार सांगतो. तळ्याच्या पूर्वेला वाळलेल्या झाडांचा पट्टा होता. जमिनीतून येणाऱ्या वायूने मुळं मेलेली. त्या बाजूला खोलगट जागा होत्या आणि वर वारा असला तरी हा वायू त्यांच्या तळाशी साचायचा. हवेपेक्षा जड, वास नाही, रंग नाही. काका तिथे जाताना काठीला मेणबत्ती बांधून न्यायचे आणि खाली धरून बघितल्याशिवाय कुणाला बुटाची नाडी बांधायलासुद्धा वाकू द्यायचे नाहीत. वाऱ्यात मेणबत्ती लागायची नाही. एक काडी, दुसरी काडी, पाचवी काडी. आम्ही पाठीवर सामान घेऊन उभे. त्या दिवशी मी इतका कंटाळलो की त्यांचं ते काड्यापेटीचं चाललं असताना बाजूच्या खळग्यात बॅग उशाला घेऊन सरळ आडवा झालो. डोकं जरा जड वाटलं. झोप येतेय असं वाटलं, आणि छान वाटलं.

पुढचं आठवतं ते कॉलर गळ्याला काचल्याचं. साठीच्या त्या माणसाने मला दगडांवरून फरफटत वर काढलं होतं. माझं कोपर सोलून निघालं. मी त्यांच्यावर ओरडलो, काय वाटेल ते बोललो. धापा टाकत त्यांनी मेणबत्ती पेटवली आणि माझं डोकं होतं त्या जागी हळूच खाली सोडली. कुणी चिमटीत धरून विझवावी तशी ती विझली. मी बघत राहिलो. काका म्हणाले, “वहीत लिही. वेळ घाल.”

मी लिहिलं. आभार मानायचे राहून गेले.

तिसऱ्या वर्षी, म्हणजे २००३ च्या सप्टेंबरात, त्या मोसमातला बोटीचा शेवटचा दिवस होता. काका दोन ठिकाणी थांबले, वीस आणि चौतीस. मग बराच वेळ नुसती दोरी सुटत राहिली. आणि एकदम ते थांबले. माझ्यासमोरच्या डब्यावर तापमान टणकन वर गेलं होतं, क्षारांचा आकडाही. मी चमकून मागे बघितलं. काकांनी दोरी दोन्ही हातांत धरली होती आणि ते हसत होते. त्यांना हसताना मी फारसं पाहिलं नव्हतं. ते ओरडले, “एकोणसाठ! लिही!”

मी लिहिलं, ६९.

त्यानंतर ते पंच्याहत्तरला थांबले. चौतीस, एकोणसत्तर, पंच्याहत्तर. खाली खाली जाणारे आकडे, कुठे काही खटकण्यासारखं नाही. मधे दर पाच मीटरलाही थांबत गेलो असतो तर पंचावन्नानंतर एकोणसत्तर आणि मग साठ आलं असतं आणि चूक तिथल्या तिथे दिसली असती. या वाक्याने मी स्वतःची किती वेळा समजूत घातली असेल, सांगता येत नाही.

वहीतला तो उसळलेला आकडा बघून बाई पहिल्यांदा काकांच्या बाजूने झाल्या. त्यांच्याकडे सेन्सरची एक साखळी होती. ती हिवाळाभर तळ्यात सोडून ठेवायची, म्हणजे त्या खोलीवर रोज काय घडतं ते आपोआप नोंदलं जाईल. सेन्सर मोजकेच. बाईंनी बहुतेक सगळे एकोणसत्तरच्या आजूबाजूला, दाट बसवायचे ठरवले. ऑक्टोबरात साखळी सोडायला बाई आणि मी गेलो. काका नव्हते. मुलीच्या बाळंतपणासाठी ते ॲरिझोनात, चँडलरला गेले होते. निघताना फोन केला तर म्हणाले, मला काय विचारतोस, वहीत आहे ना. मग म्हणाले की नातीचं नाव अजून ठरलं नाही, पण साखळीचा दगड नीट बांध.

मी दगड नीट बांधला.

जानेवारीत आमच्या गावच्या मराठी मंडळात संक्रांतीचा कार्यक्रम होता. तिळगूळ, हळदीकुंकू आणि मग हाऊजी. माइकवर एक हौशी काकू आकडे पुकारत होत्या. त्या म्हणाल्या, “एकोणसाठ”, आणि मी तिकिटावरचा ६९ खोडला. शेजारी एक आठ-नऊ वर्षांची मुलगी बसली होती, रविवारच्या मराठी शाळेत जाणारी. तिने माझ्या तिकिटावर बोट ठेवलं. “अंकल, दॅट्स सिक्स्टी-नाइन. शी सेड फिफ्टी-नाइन.” तेवढ्यात माइकवरून आलंच, “पाच नि नऊ, एकोणसाठ.”

मी तिला म्हणालो, नाही गं, साठ म्हणजे सिक्स्टी. तिने माझ्याकडे दयेने बघितलं आणि आईला विचारायला गेली. मला आईला विचारायची गरज नव्हती. हातातलं तिकीट दिसेनासं झालं होतं.

साखळी तेव्हा बर्फाखाली होती. वरचा रस्ता मेपर्यंत बंद. ती काढता येणार नव्हती, पण बाईंना सांगता आलं असतं. सोमवारी सांगू असं ठरवलं. सोमवारी माझ्या प्रबंधाच्या विषयावरची तोंडी परीक्षा जवळ आली होती. मग ती झाल्यावर सांगू असं ठरवलं. मग वाटलं, पट्टा कदाचित तिथेही असेल, निघेल काहीतरी. आणि खरं सांगायचं तर परीक्षेपेक्षाही मला दुसरीच भीती होती. मराठी घरात वाढलेल्या माणसाला मराठी आकडे येत नाहीत, हे मला बाईंना इंग्रजीत समजावून सांगावं लागलं असतं आणि काकांना मराठीत. त्यातलं दुसरं मला जास्त अवघड वाटत होतं.

जूनमध्ये साखळी वर काढली. सरळ रेघ. हिवाळाभर एकोणसत्तरच्या आसपास काहीही घडलं नव्हतं.

जुलैत बाईंच्या खोलीत आम्ही तिघं बसलो. काकांनी आलेख बघितला आणि वही मागितली. तो सप्टेंबरचा दिवस काढला. चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, पुन्हा वाचलं. बाईंनी मला विचारलं, “तू ऐकलंस तेच लिहिलंस ना? खात्री आहे?”

मी म्हणालो, “हो. ऐकलं तेच लिहिलं.”

ते खोटं नव्हतं. त्याहून वाईट होतं.

काका माझ्याकडे बघतही नव्हते. ते स्वतःशीच मान हलवत होते. मग बाईंना इंग्रजीत म्हणाले, वही बरोबर आहे, मी काउंटर चुकीचा वाचला, माझे डोळे. बाई म्हणाल्या की एका आकड्यावरून असं म्हणू नका, पुढच्या महिन्यात पुन्हा जाऊ. त्यांनी ऐकलं नाही. एकदा ठरवलं की ते कुणाचंच ऐकायचे नाहीत. खिशातून पिकअपची किल्ली काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाले, ज्याला आकडा दिसत नाही त्याने गाडीही चालवू नये. पुन्हा त्यांनी रहाटाला हात लावला नाही. वर्षअखेरीस भूजलाच्या कामाचा निधी संपला, तो मागायला आता काही कारणही उरलं नव्हतं, आणि काका मुलीकडे चँडलरला राहायला गेले.

मी वरच्या थरावर प्रबंध लिहिला, निवळीवर. डॉक्टर झालो आणि अल्फारेटाला सॉफ्टवेअरच्या नोकरीत लागलो. दर दिवाळीला काकांना फोन करायचो. दर वेळी आज सांगायचंच असं ठरवून करायचो आणि दर वेळी ते मला चँडलरला पाऊस कसा पडत नाही हे वीस मिनिटं ऐकवायचे.

२००८ च्या फेब्रुवारीत त्यांच्या मुलीचा फोन आला. माझा नंबर तिने त्यांच्या डायरीतून काढला होता. वैतागलेली होती. म्हणाली, बाबांना तुम्ही तरी समजवा. मोतीबिंदू अगदी सुरुवातीचा आहे, दोन डॉक्टरांनी ऑपरेशनची गरज नाही म्हणून सांगितलं, पण बाबा हट्ट धरून बसले. तिसऱ्या डॉक्टरांनी शेवटी हो म्हटलं, पुढच्या गुरुवारी आहे. “चार वर्षं झाली, दुधाच्या डब्यावरची तारीखसुद्धा माझ्याकडून वाचून घेतात. घरामागच्या स्विमिंग पूलमध्ये दोरी सोडून थर्मामीटर लावलंय, वर किती, खाली किती. पण वाचायचं आम्ही. माझ्या नवऱ्याने ऑफिसला जाण्याआधी रोज वाकून आकडे वाचायचे. हे असं कधीपासून झालं तेच कळत नाही.”

मला कळत होतं. शनिवारचं विमान पकडलं.

चँडलरच्या त्या घरापुढे लॉनऐवजी खडी होती आणि एक निवडुंग. काका दारातच उभे होते, तेवढेच ताठ. माझं वजन वाढलंय हे त्यांनी चष्म्याविना ओळखलं. मुलीने चहा ठेवला. मी बॅगेतून वहीच्या त्या पानाची झेरॉक्स काढली आणि, मधे थांबलो तर पुन्हा राहील म्हणून, एका दमात सगळं सांगितलं. कार्ड, नऊचे आकडे, हाऊजी, ती मुलगी, बाईंची खोली.

मुलीने माझ्यासाठी भरलेला कप माझ्या हातात न देता टेबलावर ठेवला, माझ्यापासून जरा लांबच. म्हणाली, “चार वर्षं?” आणि आत निघून गेली.

काका कागदाकडे बघत होते. मग विचारलं,

“एकोण म्हणजे काय?”

“एक कमी.”

“एकानं ऊन. साठाला एक ऊन. हे तुला ठाऊक नव्हतं.”

“नव्हतं.”

“मग विचारलं काहून नाही?”

“लाज वाटली.”

“मी खाऊन टाकलं असतं काय तुला?”

मी म्हणालो, “काका, तुमचे डोळे बरोबर होते. आकडा तुम्ही बरोबर वाचला होता.”

मला वाटलं ते चिडतील, किंवा रडतील, किंवा मला माफ तरी करतील. या तिन्हींची तयारी करून मी आलो होतो. ते कागदावर वाकले आणि म्हणाले, “त्या जागी क्षार किती आले होते? हे पुसट आलं आहे.” मी सांगितलं. मग त्यांनी त्या मोसमातले बाकीचे आकडे मागितले. बॅगेत होते तेवढे कागद मी काढले आणि नऊने संपणारा प्रत्येक आकडा त्यांनी माझ्यासमोर तपासला. मी एकोणतीसचा ३९ केला होता, एकोणऐंशीचा ८९. दीड तास चाललं हे. प्रत्येक चुकीला ते जिभेने च्च करायचे. शेवटी चिडले, पण माझ्यावर नाही, किंवा फक्त माझ्यावर नाही. म्हणाले, “चार वर्षं ते पाणी तिथं येऊन राहिलं आहे, आणि कागदावर नाही.”

मी क्षमा मागायला तोंड उघडलं. म्हणाले, “ते मग. आधी बाईंना लिही.”

मुलीच्या कॉम्प्युटरवर बसून मी बाईंना ईमेल लिहिली. ते मागे उभे राहून प्रत्येक ओळ वाचत होते, आपल्या डोळ्यांनी. चूक माझी होती आणि २००४ च्या जानेवारीपासून मला ठाऊक होती, हे मी लिहिलं. ती ओळ त्यांनी वाचून सोडून दिली. ५९ लिहिलं तिथे मात्र खांद्यावर बोट टोचून म्हणाले, “अक्षरी पण लिही.”

बाईंचं उत्तर दोन दिवसांनी आलं. माझ्यासाठी त्यात फार थोडं होतं आणि ते मऊ नव्हतं. ऑगस्टमध्ये बोट मिळाली तर बघते, असं होतं. शेवटची ओळ काकांसाठी होती: त्यांना सांग, निवळ ठीक आहे. ऑगस्टमध्ये त्यांनी खरंच दोरी सोडली, आणि एक आलेख पाठवला. एकोणसाठला, नीट, फुगवटा. मी तो काकांना पाठवला आणि उत्सुकतेने फोन केला. म्हणाले, “मग? मी तेव्हाच सांगितलं होतं.” आणि पावसाकडे वळले.

पण हे नंतरचं. त्या शनिवारी निघताना मुलगी दारापर्यंत आली नाही. आतून तिचा फोनवरचा आवाज येत होता, ती गुरुवारची अपॉइंटमेंट कॅन्सल करत होती. काका मला सोडायला खडीवरून रस्त्यापर्यंत आले. मी भाड्याच्या गाडीत बसलो, काच खाली केली. ते गाडीच्या पुढे जाऊन उभे राहिले. चष्मा काढून शर्टाच्या खिशात ठेवला, मान जरा मागे घेतली आणि प्लेट वाचली. “चारशे एकोणनव्वद.” रस्त्यावर ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.

मग माझ्या खिडकीशी आले. “लिही.”

गाडीत कागद नव्हता. मी विमानाच्या तिकिटाची पाठ काढली, पेन उघडलं, आणि थांबलो.

“काका, एकोणनव्वद म्हणजे एटी-नाइन ना?”

“आता विचारतोस,” ते म्हणाले, आणि वळून घराकडे चालू लागले. पलीकडच्या घरासमोर उभ्या असलेल्या गाडीचा नंबर वाचत.